बालकर्त्याची साहसकथा आणि समीक्षकाची कसोटी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शीर्काळी येथे, तमिळ परंपरा सांगते त्याप्रमाणे, तीन वर्षांच्या संबंदराने देवळाच्या तळ्याकाठी देवीचे दूध पिऊन आपले पहिले पद गायिले. भाविक श्रोता या पदाचे गुणदोष पाहावयास बसत नाही. कर्त्याचे वय हाच त्याच्या लेखी चमत्कार असतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलाने लिहिलेली साहसकादंबरी हाती आली म्हणजे जाणत्या वाचकाचीही वृत्ती पुष्कळदा अशीच होते. तसे न झाले तर तो कौतुकाने पाठ थोपटतो आणि पुस्तक बाजूस ठेवतो. दोन्ही प्रकारांत पुस्तक न वाचताच राहते.

याच प्रदेशात मराठी बालवाङ्मयाला मुद्रणाचा स्पर्श फार लवकर झाला. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ साली इसापच्या कथांचे ‘बालबोधमुक्तावली’ हे भाषांतर निघाले. राजांच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या नाटकात तर कुरवंजी स्त्रीच्या मुखाने जगाचा भूगोल वदविला आहे. दोन्हींकडे सांगणारा प्रौढ आहे. नीती त्याची, नकाशाही त्याचाच. मूल स्वतः सांगू लागले म्हणजे ही दिशा उलटते, आणि मग जुनी मापे पुरी पडत नाहीत.

इंग्रजीतील दोन उदाहरणे येथे उद्बोधक ठरतात. डेझी अ‍ॅशफर्डने नवव्या वर्षी, १८९० साली लिहिलेली ‘द यंग व्हिझिटर्स’ ही कादंबरी १९१९ मध्ये जे. एम. बॅरी यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. तिच्यातील चुकीची वर्णलेखने मुद्दाम तशीच ठेवली होती. ती वाचून प्रौढ वाचक हसला. पण हे हसू लेखिकेच्या अजाणतेपणावरचे होते. ज्या पुस्तकाचा रस त्याच्या चुकांत आहे, ते मुलांचे पुस्तक नव्हे. कॅथरीन हल आणि पामेला व्हिटलॉक या शाळकरी मुलींची ‘द फार-डिस्टंट ऑक्सस’ ही कादंबरी याहून वेगळी आहे. त्यांनी हस्तलिखित आर्थर रॅन्सम यांच्याकडे धाडले आणि त्यांच्या शिफारशीने ते १९३७ मध्ये जोनाथन केप यांनी प्रकाशित केले. एक्समूरच्या माळरानावर घोड्यांवरून हिंडणारी मुले तेथील स्थळांना मॅथ्यू आर्नल्डच्या सोहराब-रुस्तुमवरील काव्यातील नावे देतात. नावे उसनी आहेत, पण पायांखालची जमीन उसनी नाही. त्या कथेतील मॉरिस हा मुलगा कोण, कोठला, याचा उलगडा लेखिका करीत नाहीत. प्रौढ लेखकाने त्याला एखादे दुःखी घर बहाल केले असते! मुलांच्या मैत्रीत असा उलगडा कोणी मागत नाही. तेव्हा हे मौन कच्चेपणाचे न मानता अनुभवाच्या खरेपणाचे मानले पाहिजे.

उसनी नावे आणि उसनी जमीन यांतील हा भेद कावेरीच्या काठी अधिक स्पष्ट होतो. तेथील एखाद्या मुलीने साहसकथा लिहिली अशी कल्पना करावी. या सपाट मुलखात डोंगर नाहीत, गुहा नाहीत. जे काही आहे ते पाण्याचे. कल्लणैपाशी कावेरी, वेण्णार आणि मोठा कालवा असे प्रवाह फुटतात आणि पुढे त्यांच्या शाखा-उपशाखांचे जाळे होते. मेट्टूर धरणाचे पाणी रूढीप्रमाणे १२ जूनला सोडावयाचे. एरवी कडक उन्हाळ्यात नदीचे पात्र वाळूचे असते. या मुलीचा नायक एप्रिलात होडीतून पळून गेला, तर ती होडी परदेशी पुस्तकातून आली हे उघड आहे, आणि लेखिकेच्या वयाकडे पाहून हा दोष पोटात घालता येणार नाही. उलट त्याच कोरड्या पात्रातून तो रात्री चालत गेला आणि पहाटे वरून पाणी आले, तर संकट त्या भूमीतूनच उपजले. मग वाक्ये लंगडी असली तरी लेखिकेजवळ साहसकथेचे मर्म आहे.

खरा पेच संपादनाचा आहे. तंजावरच्या मराठी घरांतील बोली सव्वातीनशेहून अधिक वर्षे तमिळच्या शेजारात वाढली. तिची वळणे पुण्याच्या संपादकाला अशुद्ध वाटतील. त्याने वर्णलेखन जरूर सुधारावे. एप्रिलातली होडी मात्र स्वतः हलवू नये. महिना चुकला एवढे कळवून प्रकरण लेखिकेकडे परत पाठवावे. संवादांना हात लावू नये, कारण काठावरून मित्राला मारलेली हाक पुणेरी झाली की ती हाक मारणारे मूलच कथेतून नाहीसे होते. आणि शेवटच्या पानावर आजोबांच्या तोंडी बोधाचे चार शब्द घालण्याचा मोह त्याला झाला, तर ते पान ‘मुक्तावली’साठी राखून ठेवावे.