एका बीला एक खूण

उत्तर अमेरिकेच्या जंगलांत काळ्या डोक्याचा, जेमतेम दहा-बारा ग्रॅम वजनाचा एक पक्षी राहतो. त्याचं नाव चिकडी. आपल्याकडची रामगंगा त्याच्याच कुळातली, पण ती मिळालं ते खाऊन मोकळी होते. चिकडीला तसं परवडत नाही. कडाक्याच्या हिवाळ्यासाठी तो बिया आणि किडे सालीच्या फटींत, शेवाळाखाली, सापडेल त्या सांदीत लपवत सुटतो. एका ठिकाणी सहसा एकच दाणा, आणि अशी ठिकाणं हजारो. पुढे भूक लागली की थेट जाऊन तीच फट उकरतो.

एवढं त्याच्या लक्षात कसं राहतं, हा प्रश्न पटकन सुचतो. मला त्याहून अवघड वाटतो तो दुसराच: हे सगळं एकमेकांत मिसळत कसं नाही? झाडं सारखी, फटी सारख्या, बी तशीच, कृतीही तीच. शिवाय कोणती फट भरलेली आहे आणि कोणती आपणच काल रिकामी केली, हेही ठाऊक हवं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दिमित्री आरोनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकडींना असंच एक कृत्रिम रान करून दिलं. पडद्या लावलेली शंभराहून अधिक छोटी भोकं आणि लपवायला सूर्यफुलाच्या बियांचे तुकडे. पक्षी लपवालपवी करत असताना त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागातल्या, मज्जापेशींची नोंद चालू होती.

या भागात ‘स्थानपेशी’ असतात, हे जॉन ओ’कीफ यांनी १९७१ मध्येच उंदरांत दाखवलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना २०१४ चं नोबेलही मिळालं. प्राणी विशिष्ट जागी आला की विशिष्ट पेशी बोलू लागतात. तेव्हा बी लपवताना त्या जागेची पेशी जरा जोरात बोलेल, असा अंदाज बांधणं साहजिक होतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वेगळेच निघाले. पक्षी बी लपवतो त्या क्षणी थोड्याशा, इतस्ततः विखुरलेल्या पेशींचा एक संच पेटतो आणि विझतो. पक्षी तीच बी काढायला परत आला की तोच संच पुन्हा पेटतो. दुसरी बी लपवली की संच दुसरा. संशोधकांनी याला ‘बारकोड’ म्हटलं.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट शेजारच्या भोकांची. दोन भोकं जवळजवळ असली तर स्थानपेशींची नोंद साहजिकच मिळतीजुळती येते. बारकोडांत मात्र कसलंही नातं सापडत नाही. जुळ्या भावांचे चेहरे, आडनाव, पत्ता सगळं एक असतं, पण आधार क्रमांकांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो, तसंच हे. साम्य मोजायचंच नाही, हीच त्यातली युक्ती. क्रमांक प्रसंगाला मिळतो, जागेला नाही.

आपला आणि उंदराचा मेंदू पक्ष्याच्या मेंदूपेक्षा बराच वेगळा बांधलेला आहे, आणि आपल्याकडे या कामाचा ठेका एका खास जागेला दिलेला दिसतो. हिप्पोकॅम्पसच्या तोंडाशीच ‘डेंटेट जायरस’ नावाची पेशींची वळकटी असते. उंदरातले ढोबळ आकडे पाहा. बाहेरून माहिती आणून देणाऱ्या पेशी सुमारे २ लाख, डेंटेटमधल्या पेशी सुमारे १० लाख, आणि ज्यांच्याकडे माहिती पुढे जाते त्या ‘सीए-३’ भागातल्या पेशी सुमारे ३ लाख. म्हणजे मधल्याच मुक्कामावर गर्दी एकदम पाचपट होते. त्यातही गंमत अशी, की एका वेळी या दहा लाखांतल्या शंभरात चार-दोनच पेशी तोंड उघडतात, बाकीच्या गप्प असतात.

ही उधळपट्टी नव्हे. जागा पुष्कळ आणि बोलणारे थोडे असले, की दोन प्रसंगांच्या वाट्याला त्याच त्या पेशी येण्याची शक्यता फार कमी उरते. कालची सकाळ एका मूठभर पेशींकडे जाते, आजची बहुतांशी वेगळ्याच मूठभरांकडे. विरळ खुणांमुळे आठवणी एकमेकींवर चढत नाहीत, हे गणित इंग्लंडच्या डेव्हिड मार यांनी १९७१ मध्ये मांडलं तेव्हा ते विशीतच होते. त्यांच्या कल्पनेची प्रयोगातून कसोटी लागायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली. २००७ मध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने डेंटेटमधल्या पेशींचा एक महत्त्वाचा ग्राहक-रेणू नसलेले उंदीर तयार केले. दोन मिळत्याजुळत्या पिंजऱ्यांपैकी एकातच विजेचा सौम्य झटका बसत असे. साधे उंदीर यथावकाश फरक शिकले आणि एकाच पिंजऱ्यात घाबरू लागले. हे उंदीर मात्र तो फरक ओळखण्यात मागे पडले.

माणसांवरचा एक प्रयोग मला याहूनही आवडतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या परिसरातल्या रस्त्यांची छायाचित्रं क्रमाने दाखवून लोकांना काही वाटा शिकवल्या. काही वाटांची सुरुवात एकच होती, पुढे फाटे फुटत. शिकणं चालू असताना स्कॅनरमध्ये हिप्पोकॅम्पसचे नमुने तपासले गेले. शिकून झाल्यावर त्या सामायिक वाटांचे नमुने वेगळे होतील एवढीच अपेक्षा ठेवणं रास्त ठरलं असतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल त्याच्या पुढे गेला: एकमेकांशी काहीच संबंध नसलेल्या वाटांपेक्षाही हे नमुने एकमेकांपासून जास्त दूर गेले होते. जिथे घोटाळ्याची भीती, तिथे मेंदू फरक नुसता नोंदवत नाही, तो वाढवून ठेवतो.

डेंटेटचं आणखी एक वैशिष्ट्य १९६५ मध्ये जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी उंदरांत दाखवलं: जन्मानंतरही तिथे नव्या मज्जापेशी तयार होतात. मेंदूत नवी पेशी जन्मत नाही, अशी पक्की समजूत असलेल्या काळात फार कुणी त्यांचं ऐकलं नाही. आज उंदरांबाबत वाद उरलेला नाही. या नव्या पेशी कमी केल्या तर उंदीर जवळजवळच्या खुणांत गोंधळतात, हेही दिसलं आहे. प्रौढ माणसात त्या किती बनतात यावर मात्र २०१८ मध्ये एकमेकांविरुद्ध निष्कर्ष काढणारे दोन शोधनिबंध काही आठवड्यांच्या अंतराने आले, आणि भांडण अजून मिटलेलं नाही.

त्याहून मूलभूत आक्षेप रोद्रिगो कियान किरोगा यांचा आहे. माणसाच्या मेंदूतल्या एकेका पेशीची नोंद घेणारे हे संशोधक २०२० मध्ये म्हणाले, की माणसाचा हिप्पोकॅम्पस अशी फारकत करतच नाही. तो प्रसंग नव्हे, संकल्पना साठवतो, आणि म्हणूनच आपल्याला विचार जमतो. मला हे अर्धंच पटतं. ‘आजी’ ही संकल्पना एकच असेल, पण आजीच्या घरी गेलेल्या दोन दिवाळ्या आपण वेगळ्या सांगू शकतो, त्याचा हिशेब कुठे तरी लागायला हवा.

अर्थात नुसती फारकत करूनही भागत नाही. फोडणीचा एक वास आला की आख्खी दुपार आठवते, ते ‘सीए-३’चं काम: तुकड्यावरून पूर्ण चित्र उभं करणं. एक भाग तोडतो, दुसरा जोडतो. वय वाढतं तसा तोल जोडण्याकडे झुकतो. आधी पाहिलेल्या वस्तूसारखीच, पण थोडी वेगळी वस्तू दाखवली तर वयस्कर माणसं ‘ही मघाचीच’ असं तरुणांपेक्षा अधिक वेळा म्हणतात. स्मृती किंचित मंदावलेल्या वृद्धांच्या डेंटेट आणि सीए-३ मध्ये हालचाल कमी नव्हे, गरजेपेक्षा जास्त आढळते. जॉन्स हॉपकिन्समध्ये फिट्सवरचं लेव्हेटिरासिटाम हे औषध अगदी अल्प मात्रेत दिल्यावर ही हालचाल आणि चुका दोन्ही घटल्या, ते २०१२ मध्ये. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही.

तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस ‘बीपीची गोळी आज घेतली, की ती कालची आठवण?’ असं विचारू लागलं, तर त्यांना आठवायला बसवू नका. दोन्ही सकाळी खरोखरच सारख्या होत्या. वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी औषधाच्या दुकानात मिळते, ती आणून द्या. आणि शंका असेल तर अंदाजाने दुसरी गोळी घेण्याऐवजी डॉक्टरांना विचारा.