‘कस्टम’ : एका इंग्रजी शब्दाची वहिवाट

गेल्या वर्षीं फाल्गुनांत आमच्या घरीं एक गंमत झाली. आमचे धाकटे चिरंजीव इंग्लंडांत असतात. त्यांनीं आपल्या काकूंसाठीं लोंकरीची एक शाल पाठविली. शाल मुंबईपर्यंत आली आणि तेथेंच राहिली. चौकशी करतां ‘पार्सल कस्टममध्यें आहे’ एवढेंच उत्तर मिळालें. थोरल्या वहिनी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या. त्यांनीं आम्हांस विचारलें, “भाऊजी, कस्टम म्हणजे रूढी ना? मग रूढीनें माझी शाल कां अडवून धरली आहे?”

आम्हीं हंसलों. चाळीस वर्षें मुलांस शब्दार्थ सांगण्यांत गेलीं. परंतु या प्रश्नाचें नीटसें उत्तर त्या वेळीं आमच्यापाशीं नव्हतें. त्यांत नातीनें भर घातली. ती कायद्याच्या महाविद्यालयांत शिकते. तिच्या पुस्तकांत कस्टम या विषयावर सबंध प्रकरण आहे. नातवाच्या संगणकांतील कस्टम आणखी निराळें. तेव्हां कोश काढून बसणें प्राप्तच झालें.

शब्द मूळचा लॅटिन. ‘कॉन्सुएतूदो’ हें त्याचें मूळ रूप. फ्रेंच भाषेंत झिजून तो इंग्रजींत आला. त्याच्या गाभ्यांतील धातूचा अर्थ ‘संवय होणें, अंगवळणीं पडणें’ असा असून, भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध आपल्या ‘स्व’ या शब्दाशीं जोडतात. श्राद्धांत पितरांस उद्देशून उच्चारिला जाणारा ‘स्वधा’ शब्द वाचकांस परिचित आहेच. परंतु ऋग्वेदांत त्याचा अर्थ अनेक ठिकाणीं ‘आपली प्रकृति, आपली नित्याची रीत’ असा होतो. ग्रीकांचा ‘एथॉस’ हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे करून करून जें आपलेंसें झालें, तें कस्टम. हें वाचून आम्हांस दूरच्या आप्ताची अचानक ओळख पटावी तसा आनंद झाला, हें कबूल करितों.

आतां जकातीचें पाहूं. राजाला पूर्वापार मिळत आलेलें देणें, तें कस्टम. कारण तें देण्याची चाल पडलेली असे. आपल्याकडेही असेंच झालें आहे. ‘दस्तूर’ म्हणजे रीत आणि ‘दस्तुरी’ म्हणजे त्या रीतीनें ज्याच्या त्याच्या हातीं पडणारे पैसे. ‘मामूल’ म्हणजे नेहमींचा परिपाठ. दक्षिणेकडे त्याच शब्दानें शिपायाच्या हातावर ठेवावयाची चिरीमिरी ओळखली जाते! इंग्लंडांत 1275 सालीं पहिल्या एडवर्ड राजास लोंकर व कातडीं यांच्या निर्गतीवर कर घेण्याची मंजुरी पार्लमेंटाकडून मिळाली. लोंकरीच्या पोत्यामागें साडेसहा शिलिंगांहून थोडा अधिक, म्हणजे 6 शिलिंग 8 पेन्स, असा दर होता. पुढें 1303 मध्यें परदेशी व्यापाऱ्यांवर आणखी कर बसला, तेव्हां आधींच्या कराचें नांव ‘प्राचीन कस्टम’ असें पडलें. अवघ्या अठ्ठावीस वर्षांत एक कर प्राचीन झाला! पुढें 1374 मध्यें लंडन बंदरांतील याच लोंकरीच्या जकातीचा हिशेब तपासण्यासाठीं ज्यांची नेमणूक झाली, ते गृहस्थ म्हणजे इंग्रजी कवितेचे आद्य महाकवि चॉसर होत. कवीनें जकातनाक्यावर बारा वर्षें काढलीं, ही गोष्ट आमच्या वर्गांतील आळशी कवींस आम्हीं पुष्कळदां सांगितली आहे.

तात्पर्य, वहिनींची लोंकरीची शाल साडेसातशें वर्षांच्या जुन्या वहिवाटीनेंच अडली होती.

‘कस्टमर’ हा शब्दही एके काळीं जकात घेणाऱ्यास लावीत. आज तो गिऱ्हाइकास लावितात, कारण नित्य एकाच दुकानीं जाण्याची ज्याची रीत तो कस्टमर. रीतीप्रमाणें अंगावर घालावयाचा पोषाख तो ‘कॉस्च्यूम’. तोही याच मुळाचा. सर्वांत चमत्कारिक अर्थ नातवाच्या संगणकांतला. तेथें कस्टम म्हणजे इतरांसारखें नव्हे, तर एकट्याच्या मर्जीप्रमाणें केलेलें. गिऱ्हाइकाच्या मापानें बेतलेल्या कपड्यांवरून हा अर्थ निघाला. सर्वांनीं जें करावें तें दाखविणारा शब्द कोणीच न करावें तें दाखवूं लागला. शब्दांचें नशीब असें असतें.

पण खरी गोम कायद्यांत आहे, आणि तेथें आम्ही अधिक थांबलों. इंग्रजांच्या कायद्यांत चाल सिद्ध करावयाची तर ती ‘स्मरणातीत काळापासून’ हवी. या स्मरणास त्यांनीं सीमाही घातली, ती पुन्हा 1275 मध्येंच : पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणाचें वर्ष 1189. मुंबई इलाख्यांत एल्फिन्स्टनच्या अमदानींत 1827 सालीं झालेल्या चौथ्या रेग्युलेशनानें असें ठरविलें कीं, जेथें सरकारचा लेखी कायदा नाहीं तेथें देशाची चाल पाहावी. त्याच वर्षीं स्टील नांवाच्या अधिकाऱ्यानें दख्खनांतील जातींच्या चालीरीतींचा संग्रह छापला. पुढें 1868 मध्यें मदुरेच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलानें, निःसंशय सिद्ध झालेली चाल ग्रंथवचनाहून बलवत्तर होय, असा निर्णय दिला.

हें आपल्या शास्त्रकारांस नवें नव्हतें. मनूनें धर्माच्या प्रमाणांत श्रुतिस्मृतींच्या जोडीस सदाचार बसविला आहे. बौधायनानें तर दक्षिणेकडील पांच आणि उत्तरेकडील पांच अशा वादग्रस्त चाली मोजून दिल्या आहेत. मामाच्या मुलीशीं विवाह ही दक्षिणेकडची, समुद्रयान हें उत्तरेकडचें. ज्या देशांत जी चाल, तेथें ती निर्दोष, असें त्याचें म्हणणें. गौतमास हें मुळींच मान्य नाहीं. देशस्थांत मामेबहीण चालते आणि कोंकणस्थांत चालत नाहीं, यावरून आमच्या मित्रमंडळींत होणारे वाद किती जुने आहेत पाहा.

नातीनें मग 1955 चा हिंदु विवाहाचा कायदा पुढें ठेविला. त्यांत कस्टमची व्याख्या आहे : दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळलेली, निश्चित, अवाजवी नसलेली व सार्वजनिक हितास न बाधणारी. आणि चाल एखाद्या कुटुंबापुरतीच असेल, तर त्या कुटुंबानें ती सोडलेली नसावी. या शेवटच्या अटीवर आमचें बोट थबकलें. तो कायदा विवाहापुरता हें खरें. पण घरानें सोडली कीं घरची चाल संपली, तीस उत्तरक्रिया लागत नाहीं, हें इतकें सरळ लिहिलेलें आम्हीं पूर्वीं वाचलें नव्हतें.

थांबण्याचें कारण सांगावयास हवें. आमचे थोरले बंधु जाऊन तीन वर्षें झालीं होतीं. तेव्हांपासून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास वहिनी माजघरांत बसत. डाळ त्याच वाटीत, पन्हें त्याच करीत. बाहेर मात्र येत नसत. आमच्या आत्याबाई, वय वर्षें शहाऐंशीं, म्हणत, “आपल्याकडे पूर्वापार असेंच आहे.” मे 2022 मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें विधवांचें कुंकू पुसण्याच्या व बांगड्या फोडण्याच्या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर ग्रामपंचायतींस तें उदाहरण घालून दिलें. ती बातमी आम्हींच मोठ्यानें वाचून दाखविली होती. वहिनी तेव्हां शेजारींच भाजी निवडीत होत्या. बातमी वाचून आम्हीं वर्तमानपत्र घडी करून ठेविलें. याहून अधिक कांहीं केलें नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं आत्याबाईंस विचारलें, “पूर्वापार म्हणजे कधींपासून?” त्या म्हणाल्या, “माझ्या आईपासून.” “आणि आईच्या आईच्या वेळीं?” तेव्हां केशवपन होतें, असें त्यांनीं सांगितलें. तें कोणी बंद केलें, असें विचारतां त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आप्पांनीं. माझ्या काकूच्या वेळीं न्हाव्याला दारांतून परत पाठविलें. कोणाला विचारलें नाहीं.” आप्पा म्हणजे आमचे आजोबा. ही हकीकत आम्हांस साठी उलटल्यावर प्रथम कळली.

चैत्रांत हळदीकुंकू झालें. सुनांनीं वहिनींस बाहेर आणून बसविलें आणि कुंकवाची कोयरी त्यांच्याच हातीं दिली. वहिनींचा हात थोडा कांपत होता. आलेल्यांपैकीं दोघींनीं घरीं काम आहे म्हणून लवकर रजा घेतली; इतरांनीं कपाळ पुढें केलें. आत्याबाई खुर्चीवर बसून सर्व पाहात होत्या. त्या स्वतः वयाच्या चाळिसाव्या वर्षीं विधवा झाल्या. बायका गेल्यावर त्यांनीं वहिनींस हांक मारिली आणि पन्हें मागितलें. मग पेला खालीं ठेवून म्हणाल्या, “मलाही लाव.”

शाल अक्षयतृतीयेच्या सुमारास घरीं आली. जकात भरली, पावती जपून ठेविली आहे. पण वैशाखांत लोंकर कोण पांघरणार? ती अजून फडताळांतच आहे.