माप भाषेचे, मुलाचे नव्हे

इंग्रजीच्या लेखी परीक्षेत भरघोस गुण मिळविणारा मुलगा त्या भाषेत चार वाक्ये बोलताना अडखळला की पालक शिक्षकास बोल लावतात. आमच्या मते दोष बहुधा मापाचा असतो. शालेय परीक्षा नेमलेले धडे कितपत स्मरणात राहिले हे तपासते. भाषाप्रावीण्याची परीक्षा ती भाषा कितपत वापरता येते हे पाहते. या दोहोंतील भेद पालकांनी नीट समजून घेतला पाहिजे.

युरोपीय परिषदेने २००१ साली प्रावीण्याच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. 'ए-१' या पहिल्या पायरीवर स्वतःची ओळख सांगणे व सोपे प्रश्न विचारणे एवढेच अपेक्षित असते. 'सी-२' ही शेवटची पायरी. शाळकरी मुलांसाठी केंब्रिजच्या स्टार्टर्स, मूव्हर्स आणि फ्लायर्स या परीक्षा प्राथमिक पायऱ्यांशी जोडलेल्या आहेत. त्यांत ऐकणे, बोलणे आणि वाचन-लेखन हे तीन भाग असून प्रत्येक भागाला एक ते पाच ढालचिन्हे मिळतात. नापास कोणीच होत नाही.

गुजरात सरकारने २००७ साली केंब्रिजच्या सहकार्याने 'स्कोप' हा उपक्रम तरुणांसाठी काढला. शाळेत इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्यांना पुन्हा प्रावीण्याचे धडे द्यावे लागावेत, यातच शालेय परीक्षेची उणीव उघड होते.

बडोद्याला तर याचा विचार अधिक शोभतो. नाशिककडील कवळाणे गावचा एक मुलगा १८७५ साली येथे दत्तक आला, तेव्हा तो बारा वर्षांचा असून जवळजवळ निरक्षर होता. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा त्याने त्यानंतरच आत्मसात केल्या. तेच सयाजीराव महाराज. त्यांनीच १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्या मुलास बाराव्या वर्षीच इंग्रजीच्या तराजूत तोलले असते, तर त्याच्याविषयी काय निर्णय झाला असता?

आजही बडोद्यातील मराठी घरचे मूल घरी मराठी, अंगणात गुजराती आणि बाजारात हिंदी बोलते. त्याच्या हाती 'ए-१'चा दाखला आला म्हणून ते मंद ठरत नाही. चौथ्या भाषेत त्याचे पहिले पाऊल पडले, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यावरून त्याला मातृभाषेच्या शाळेतून उपटून इंग्रजी माध्यमात रोवणे हा उतावीळपणा होय. ही गोष्ट बडोद्याइतकीच आमच्या किनारपट्टीवरील घरांनाही लागू आहे.

परंतु शुल्क भरू शकणाऱ्यांच्याच मुलांना हे माप मिळावे, हेही आम्हांस मान्य नाही. नगरपालिकांच्या शाळांतून ऐकण्याची व बोलण्याची चाचणी वर्षातून एकदा विनाशुल्क व्हावी. तिचा निकाल शिक्षकाला पुढचा पाठ आखण्यासाठी मिळावा, प्रवेश नाकारण्यासाठी नव्हे. वैद्य ज्वर मोजतो तो उपचारासाठी. रोग्याला घराबाहेर काढण्यासाठी नव्हे.