फोटोखालच्या दोन ओळी

सुट्टीच्या दिवशी माळशेज घाटात किंवा मुंबईच्या फोर्ट भागात लोक जे फोटो काढतात, ते संध्याकाळपर्यंत घरच्यांच्या आणि मित्रांच्या ग्रुपवर पडतात आणि दोन दिवसांत नव्या संदेशांखाली गाडले जातात. छायाचित्रण म्हणून ते साधेच असतात, आणि साध्या फोटोला आठवणीपलीकडे किंमत नसते असा आपला समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. कुठे आणि कधी एवढं लिहून सर्वांसाठी खुला ठेवलेला साधा फोटो हा त्या जागेचा पुरावा असतो, आणि असा पुरावा हौशी माणसांइतका दुसरं कुणीच गोळा करू शकत नाही.

ब्रिटनमध्ये हे घडून गेलेलं आहे. 2005 मध्ये तिथे ‘जिओग्राफ’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. ब्रिटन आणि आयर्लंडच्या नकाशावर एकेक किलोमीटरचे चौकोन आखलेले आहेत. त्यांतल्या प्रत्येकाचा निदान एक फोटो असावा, एवढाच त्याचा हेतू. चौकोनाचा पहिला फोटो देणाऱ्याला एक गुण मिळतो. एवढ्याशा चुरशीमुळे लोक प्रेक्षणीय स्थळं सोडून नांगरलेली शेतं, गावाबाहेरचा बसथांबा, ओढ्यावरचा छोटा पूल, बंद पडलेलं दुकान यांच्याकडे वळले. आज तिथे 70 लाखांहून अधिक फोटो आहेत आणि श्रेय देऊन ते कुणालाही वापरता येतात. व्यावसायिक छायाचित्रकाराला त्या बसथांब्याकडे जायचं काही कारणच नव्हतं.

सगळे एकाच जागेचे तेच ते फोटो काढतात, त्यांचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. पण हा तोचतोचपणाच कामाला येतो. 2015 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि गूगलमधल्या संशोधकांनी इंटरनेटवरचे 8 कोटी 60 लाख सार्वजनिक फोटो चाळले, एकेका जागेचे फोटो तारखेप्रमाणे लावले आणि त्यांतून दहा हजारांहून अधिक छोटी चलचित्रं तयार केली. नॉर्वेतल्या ब्रिक्सडाल हिमनदीसमोर पर्यटकांनी काढलेले फोटो असे ओळीने लावल्यावर ती मागे हटत गेलेली डोळ्यांना दिसते. त्या पर्यटकांपैकी कुणी हिमनदी मोजायला गेलं नव्हतं. आपल्याकडे बोरघाटातला अमृतांजन पूल घ्या. ब्रिटिश काळातला हा पूल एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना पाडला गेला. मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या अल्बममध्ये तो असणार, पण घराघरांत विखुरलेला आणि बहुधा बिनतारखेचा. हे फोटो एकत्र आले, तर घाटाचा बदलत गेलेला चेहरा आजही उभा करता येईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जागा सांगितली की गर्दी लोटते. कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, आणि फुलांच्या हंगामात तिथे रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली. दुर्मीळ ऑर्किडचा किंवा घरट्याचा नेमका ठावठिकाणा जाहीर करणं धोक्याचंच आहे. निसर्गनोंदी ठेवणाऱ्या ‘आयनॅचरलिस्ट’वर म्हणूनच धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण मुद्दाम ढोबळ दाखवतात. तालुका लिहावा, झाड सांगू नये. माणसांचे, विशेषतः मुलांचे चेहरे न विचारता टाकू नयेत, हेही त्यातच आलं. मात्र जुना वाडा, बसस्थानक, पाझर तलाव यांची जागा लपवून कुणाचं भलं होत नाही.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान होतोच, शिवाय कॅमेऱ्याने त्यात साठवलेली तारीख आणि जागाही निघून जाते. मूळ फोटो विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या ठिकाणी टाकता येतो आणि माहिती मराठीत लिहिता येते. सार्वजनिक जागेतल्या इमारती आणि पुतळे यांचे फोटो प्रसिद्ध करायला भारतीय कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही. तेव्हा पुढच्या सहलीहून आलात की सगळे नकोत, दोन-चार फोटो निवडा आणि त्यांच्याखाली गाव, तालुका, तारीख आणि समोर काय दिसतंय ते लिहा. किल्ल्याच्या दरवाजाबरोबर पायथ्याच्या गावातला बाजार आणि पाणवठाही त्यांत असू द्या.