सीपॅप कपाटावर का जाते?

झोपेत घसा मिटून श्वास अडकतो. त्यावर सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली सीपॅप यंत्राचा उपाय मांडला. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, घोरणे थांबते. तरीही अनेक घरांत हे महागडे यंत्र महिन्याभरात कपाटावर जाते. दोष बहुधा रुग्णाच्या चिकाटीचा नसतो, मास्कच्या मापाचा असतो. पट्टे आवळून गळती थांबत नाही, नाकावर वळ मात्र उठतात. माप बदलून घ्यावे. नाक कोरडे पडत असेल तर ह्युमिडिफायर जोडावा. घुसमटल्यासारखे वाटणाऱ्यांनी आधी दिवसा, टीव्ही पाहताना, यंत्र चालू करून अर्धा तास मास्क लावावा. नातवंडे हसतील, हसू द्यावे. दुपारच्या डुलकीलाही मास्क हवाच. श्वास तेव्हाही अडकतो.