फ्रिजची जाळी आणि गुळाचा रंग

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड हे तालुके एकमेकांना लागून असून त्यांच्या सीमेचा बराच भाग भीमा नदीने आखून दिलेला आहे. नदीच्या उत्तरेस, पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील रांजणगाव गणपती येथील औद्योगिक वसाहतीत व्हर्लपूल, एलजी आणि हायर या कंपन्यांचे फ्रिज तयार होतात आणि तेथून देशभर जातात; दक्षिणेस राहू बेट, पारगाव, खुटबाव, केडगाव या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळे चालतात आणि त्यांचा गूळ पुण्यामुंबईच्या किराणा दुकानांपर्यंत पोहोचतो. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे केडगाव चौफुल्याला जाणारा रस्ता या दोन जगांना जोडतो. पूर्वीचा फ्रिज पंचवीस-तीस वर्षे चालायचा आणि आताचा दहा वर्षांतही भंगारात जातो, ही एक तक्रार. पूर्वीच्या गुळाची चव आता राहिली नाही, ही दुसरी. दोन्ही तक्रारी घराघरांत ऐकू येतात आणि वरवर पाहता त्या एकाच सुराच्या वाटतात. पण बारकाईने पाहिल्यास त्यांची उत्तरे वेगवेगळी निघतात आणि त्या दोहोंच्या मुळाशी असलेले कारण मात्र एकच ठरते.

जुन्या वस्तूंविषयीच्या ओढीत स्मृतीचा वाटा मोठा असतो, हे आधी मान्य करावे लागते. माणसाला वयाच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधील आठवणी नंतरच्या काळातील आठवणींपेक्षा अधिक ठळकपणे आठवतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. त्यामुळे घरात पहिला फ्रिज आला तो दिवस लक्षात राहतो, तिसरा फ्रिज कधी आला हे सांगता येत नाही. याहून महत्त्वाचा दोष निरीक्षणातला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सांख्यिकी संशोधन गटात काम करणारे गणिती अब्राहम वाल्ड यांनी असे दाखवून दिले होते की, लढाईतून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके जेथे दिसतात तेथे नव्हे, तर जेथे दिसत नाहीत तेथे पत्रा जाड करायला हवा, कारण त्या जागी गोळी लागलेली विमाने परतलेलीच नाहीत. उरलेल्यांवरून सगळ्यांविषयी अनुमान काढण्याच्या या चुकीला सांख्यिकीत उत्तरजीवी पक्षपात म्हणतात. एखाद्या घरात १९८५ चा फ्रिज अजून चालताना दिसतो तेव्हा त्याच वर्षी बनलेले आणि केव्हाच मोडीत गेलेले शेकडो फ्रिज नजरेसमोर नसतात, आणि त्या एकावरून सगळ्या पिढीला मजबुतीचे प्रमाणपत्र दिले जाते.

तरीही सगळी तक्रार स्मृतीच्या माथी मारून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. जर्मनीच्या संघीय पर्यावरण संस्थेसाठी झालेल्या एका अभ्यासात २००४ ते २०१२ या काळात, बिघाडामुळे पाच वर्षांच्या आतच बदलाव्या लागलेल्या मोठ्या घरगुती यंत्रांचे प्रमाण ३.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. त्याच अभ्यासात असेही दिसले की, बदललेल्या यंत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश यंत्रे चालू स्थितीत होती आणि मालकांना केवळ नवे यंत्र हवे होते. म्हणजे यंत्रे लवकर बिघडू लागली हे खरे, आणि माणसे लवकर कंटाळू लागली हेही खरे.

भारतात पहिला देशी फ्रिज गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये आणला. त्यानंतरची तीन दशके गोदरेज, केल्व्हिनेटर, ऑल्विन आणि व्होल्टास अशा मोजक्याच नावांची होती. फ्रिज ही चैनीची वस्तू समजून सरकार तिच्यावर भरपूर उत्पादन शुल्क लावत असे आणि नोकरदाराला ती घेण्यासाठी कित्येक महिन्यांच्या पगाराची जुळवाजुळव करावी लागे. पुण्याजवळच्या आकुर्डीत बनणाऱ्या, १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतक स्कूटरची कथाही अशीच आहे. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित असल्याने नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागत होते, आणि इतक्या प्रतीक्षेनंतर मिळालेली वस्तू माणूस जपतोच. जुन्या वस्तू टिकल्या यात कारखान्याच्या कौशल्याइतकाच वाटा मालकाच्या जपणुकीचा आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचा होता, ही गोष्ट गुणवत्तेच्या चर्चेत सहसा निसटते. नवी वस्तू महाग आणि मजुरी स्वस्त असताना दुरुस्ती परवडते. नवी वस्तू स्वस्त आणि मजुरी महाग झाली की तीच दुरुस्ती तोट्याची ठरते, मग वस्तू कितीही मजबूत असो.

त्या काळच्या फ्रिजच्या पाठीमागे एक काळी जाळी असे. कॉम्प्रेसरने दाबलेला गरम वायू त्या जाळीच्या नळीतून फिरत थंड होई आणि त्याचा द्रव बने. जाळी उघड्यावर असल्यामुळे तिच्यावर धूळ बसे, झुरळे फिरत आणि ती दिसायला कुरूप होती. पण नळीला गळती लागली तर मेकॅनिक साबणाचा फेस लावून बुडबुडे कोठे येतात ते पाही, तेथे डाग देई, गॅस भरी आणि फ्रिज पुन्हा पाच-सात वर्षांसाठी उभा राही. आजच्या बहुतेक फ्रिजमध्ये ही नळी बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते आणि पत्रा व आतील प्लास्टिकचे अस्तर यांच्यामधली जागा उष्णतारोधक फोमने भरलेली असते. त्यामुळे पाठ सपाट झाली, फ्रिज भिंतीला अधिक सरकवता येऊ लागला, दारे घामेजणे कमी झाले. मात्र नळी फोमच्या आत गळू लागली तर ती उघडी करायची म्हणजे फ्रिजच फोडायचा. म्हणून तालुक्याच्या गावातला कारागीर फार तर बाहेरून दुसरी जाळी जोडून देतो, नाहीतर ‘आता नवा घ्या’ असे सांगतो.

वायूची गोष्टही याच वळणाची आहे. जुन्या फ्रिजमधील क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील वायू न जळणारा आणि हाताळायला सोपा होता, परंतु तो वातावरणातील ओझोनचा थर झिजवतो हे सिद्ध झाल्यावर १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याला टप्प्याटप्प्याने हद्दपार केले. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला. आज घरगुती फ्रिजमध्ये प्रामुख्याने आयसोब्युटेन वापरला जातो. तो ओझोनला अपाय करत नाही, त्याची तापमानवाढीची क्षमता नगण्य आहे आणि तो फार थोडा, बहुधा शंभर ग्रॅमपेक्षाही कमी लागतो. पण तो ज्वलनशील आहे आणि मोजूनमापूनच भरावा लागतो, त्यामुळे गॅसचा टॉर्च व अंदाज यांवर चालणारी जुनी कारागिरी येथे धोक्याची ठरते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर विजेची बचत करतो, परंतु त्याला चालवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड विजेच्या चढउतारात जळू शकते, आणि ते कार्ड दुरुस्त होण्याऐवजी संपूर्ण बदलले जाते. जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी दुसरा कोणताही थर्मोस्टॅट बसत असे; कार्ड मात्र त्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे लागते.

दुसऱ्या पारड्यात जे पडले आहे ते कमी नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या मध्यास सरासरी नवा फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिट वीज खात होता. आज त्याहून मोठा फ्रिज साधारण चौथ्या हिश्श्यात काम भागवतो. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये ताऱ्यांचे लेबल सुरू केले आणि २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना ते सक्तीचे झाले. त्याचे निकष वेळोवेळी कडक केले जात असल्यामुळे काल पाच तारे असलेले मॉडेल आज चार किंवा तीन ताऱ्यांवर येते. तीस वर्षे चाललेला जुना फ्रिज कौतुकास पात्र असला, तरी त्याने तीस वर्षे किती वीज ओढली याचा हिशेब त्या कौतुकात धरला जात नाही.

येथे अर्थशास्त्रातील एक वर्गीकरण उपयोगी पडते. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये आणि मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या विचारानुसार वस्तूच्या गुणांचे तीन प्रकार पडतात: काही गुण विकत घेण्यापूर्वीच पाहून कळतात, उदाहरणार्थ आकार, रंग, किंमत, काही वापरल्यानंतरच कळतात, उदाहरणार्थ टिकाऊपणा, आणि काही वापरूनही ग्राहकाला स्वतःला कळत नाहीत, त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर विसंबावे लागते, उदाहरणार्थ खाद्यपदार्थाची शुद्धता. बाजारातील स्पर्धा पहिल्या प्रकारच्या गुणांना वेगाने वर ओढते, कारण ग्राहक तेथेच पारख करतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या गुणांवर खर्च करणाऱ्या उत्पादकाला त्याचे मोल दुकानात मिळत नाही. विजेचा खर्च हाही एके काळी असा दडलेला गुण होता, परंतु ताऱ्यांच्या लेबलाने तो दारावर आणून चिकटवला आणि म्हणूनच तो सुधारला. दुरुस्तीयोग्यता भारतात अद्याप कोणत्याही लेबलावर आलेली नाही, आणि रांजणगावच्या असो वा अन्य कोठल्या, आजच्या फ्रिजमध्ये नेमकी तीच खालावली आहे.

नदीपलीकडच्या गुळाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. चरकातून निघालेला उसाचा रस काहिलीत तापू लागला की त्यावर मळी येते. भेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकला की ही मळी एकत्र होऊन वर तरंगते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. आम्लता मारण्यासाठी थोडी चुन्याची निवळी घालतात. रस आटत आटत १०५–१०६ अंश सेल्सिअसपर्यंत गेला की काकवी तयार होते, आणि साधारण ११६ ते ११८ अंशांवर गूळ. हा क्षण ओळखणारा कारागीर म्हणजे गुळव्या. त्याच्याजवळ बहुधा तापमापक नसतो. तो पाक थंड पाण्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती घट्ट वळली की काहील उतरवायला सांगतो. पाक वाफ्यात ओतून फावड्याने हलवत निववला जातो आणि साच्यांत भरल्यावर त्याची ढेप होते. काहील थोडी उशिरा उतरली तर गूळ करपतो, लवकर उतरली तर पावसाळ्यात पाघळतो. साऱ्या गुऱ्हाळाची कमाई त्या बोटांवर अवलंबून असते.

अशा रीतीने बनलेला गूळ स्वभावतः सोनेरी तपकिरी असतो. परंतु सौद्यात ढेप फोडली की व्यापारी आधी रंग पाहतो, कारण किराणा दुकानातील गिऱ्हाईकही आधी रंगच पाहते, आणि पिवळाधमक गूळ वर्षानुवर्षे चढ्या भावाने विकला गेला आहे. हा रंग आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे गुऱ्हाळांवर ‘हायड्रोस’ म्हणून ओळखली जाणारी पूड, अर्थात सोडियम हायड्रोसल्फाइट. हे रसायन रंगद्रव्यांचा रंग तात्पुरता उडवते. हवेशी संपर्क येत राहिला की काही आठवड्यांत गूळ पुन्हा काळवंडू लागतो, तोवर तो विकून झालेला असतो. गंधकाचा अंश मात्र गुळात राहतो आणि म्हणूनच अन्न सुरक्षा नियमांनी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा दशलक्ष भागांमध्ये ७० भाग इतकी ठरवली आहे. याखेरीज साखरेचा भाव गुळापेक्षा उतरला की काहिलीत स्वस्त साखर टाकण्याचा मोह होतो. असा गूळ उजळ, कडक आणि देखणा दिसतो. एका शेजाऱ्याने चोख गूळ आणला आणि दुसऱ्याने साखर मिसळलेला, तर डोळ्याला दुसराच सरस वाटतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी हेच दाखवले होते: ग्राहकाला चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो.

गुळातील घसरण काहिलीपूर्वी शेतातही सुरू होते. कालव्याच्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या ऊस घेतलेल्या आणि निचरा नसलेल्या जमिनी खारवट होतात, अशा जमिनीतील उसाचा गूळ खारट लागतो आणि त्याला लवकर पाणी सुटते; नत्रखताचा मारा जास्त झाला तरी गूळ मऊ व टिकायला कमकुवत होतो. वजनावर विकल्या जाणाऱ्या उसाला यातले काही कळत नाही. त्यामुळे पूर्वीचा गूळ चांगला होता या म्हणण्यात बरेच तथ्य आहे, आणि या ऱ्हासात गुऱ्हाळवाल्याइतकाच रंगाला भाव देणाऱ्या ग्राहकाचाही हात आहे.

अलीकडे शहरांत काळपट गूळ ‘रसायनविरहित’ म्हणून दुप्पट भावाने खपू लागला आहे. हे स्वागतार्ह असले तरी त्यातही पारख पुन्हा रंगाचीच होत आहे. उसाचा रस नीट न निवळल्याने, काहील करपल्याने किंवा पडलेला ऊस गाळल्यानेही गूळ काळा होतो. काळेपणा हा शुद्धतेचा पुरावा नाही, जसा पिवळेपणा तिचा पुरावा नव्हता.

दडलेले गुण उघड करण्याचे प्रयोग इतरत्र झाले आहेत. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही विद्युत उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाच्या मार्च २०२१ पासूनच्या नियमांनुसार फ्रिजचे थर्मोस्टॅट, संवेदक आणि इलेक्ट्रॉनिक कार्डे मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान सात वर्षे आणि दाराची रबरी पट्टी दहा वर्षे उपलब्ध ठेवावी लागते. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कंपन्या सेवाकेंद्रांची आणि सुट्या भागांची माहिती देतात, पण ती दुकानात फ्रिजच्या दारावर दिसत नाही. रांजणगावातून निघणाऱ्या प्रत्येक फ्रिजवर ताऱ्यांचे लेबल लागतेच. सुटे भाग किती वर्षे मिळतील हा एक आकडा त्याच्याशेजारी छापण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. गुळाला तेवढीही सोय नाही, कारण बहुतेक ढेपा लेबलाशिवाय विकल्या जातात. गंधकाची तपासणी सौद्याच्या आवारातच होऊन तिचा आकडा बोलीआधी पुकारला गेला, तर हायड्रोस न वापरणाऱ्या गुळव्याला त्याच्या तपकिरी ढेपेचा भाव त्याच दिवशी मिळू शकेल.