ई-टपालाची तीस वर्षं आणि वाटेवरचे ठग

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. घरगुती ग्राहकाला अडीचशे तासांचे पाच हजार रुपये मोजावे लागत. एवढं मोजून पदरात काय पडायचं, तर काळ्या पडद्यावरची अक्षरं आणि स्वतःचा एक ई-मेल पत्ता. बंगळुरूला मात्र हे प्रकरण अगदीच नवखं नव्हतं. जुने बंगळुरूकर जिला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात त्या भारतीय विज्ञान संस्थेत, अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्यामुळे, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ई-मेलची ये-जा होती. पण ती संशोधकांपुरती. जे. पी. नगरसारख्या राहत्या वस्तीत ई-मेल पोचला तो त्यानंतर काही वर्षांनी, एसटीडी बूथचं सायबर कॅफे झालं तेव्हा.

दरम्यान ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू झालं होतं. त्याच्या दोन संस्थापकांपैकी सबीर भाटिया शाळेला आधी पुण्यात आणि मग याच बंगळुरूत होते. फुकट पत्ता, जगात कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडता येणारा, ही कल्पना परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी मोठीच सोय ठरली. पाठोपाठ रेडिफमेल आलं, याहू आलं. वायटूकेच्या लाटेत जे. पी. नगरातली पोरं अमेरिकेला गेली, आणि सांगली-बेळगावहून येऊन इथे स्थिरावलेली निवृत्त मंडळी तासाचे पैसे भरून कॅफेतल्या खुर्चीत बसू लागली. पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला. ‘प्रिय चि.’ हे रोमन अक्षरांत कसं लिहायचं इथून सुरुवात. पुढे कन्नड टंकलेखनासाठी तयार झालेलं ‘बरहा’ हे सॉफ्टवेअर मराठी घरांतही रुजलं आणि पत्रं देवनागरीत जाऊ लागली. विनोद, पाककृती, संकष्टीचं महत्त्व अशी ढकलपत्रं दुपारभर फिरत. टपाल म्हणजे ओळखीच्या माणसाचं, हा पोस्टमनच्या काळातला समज तसाच्या तसा पडद्यावर आला होता.

नेमका तो समजच तंत्राच्या दृष्टीनं खोटा होता. ई-मेल ज्या नियमांवर चालतो ते एसएमटीपीचे नियम १९८२ सालचे. तेव्हा जाळ्यावर होती ती विद्यापीठं आणि संशोधन संस्था, बहुतेक एकमेकांना ओळखणारी. पाठवणाऱ्यानं ‘मी अमुक’ म्हटलं की तो अमुकच, असं धरून सगळी रचना झाली. ओळखपत्र मागायची सोयच ठेवली नाही. गेल्या तीस वर्षांतली ई-मेलची बरीचशी फसवणूक या एका उणिवेतून शिरली आहे. बदलत गेलं ते ठगांनी माणसाच्या कुठल्या भावनेला हात घालायचा, एवढंच.

सुरुवात झाली लोभापासून. एखाद्या दिवंगत हुकूमशहाच्या विधवेला लाखो डॉलर देशाबाहेर काढायचे आहेत, तुमचं खातं वापरू द्या, चौथा हिस्सा तुमचा, अशी पत्रं नायजेरियातून पूर्वी कागदावर आणि फॅक्सवर येत. आता ती हजारांनी फुकट पाठवता येऊ लागली. तिथल्या फौजदारी संहितेच्या कलमावरून त्यांना ‘४१९’ नाव पडलं, आपल्या चारशेवीसचा सख्खा शेजारी. मग न काढलेल्या तिकिटाची परदेशी लॉटरी लागू लागली. मेलचं व्याकरण मोडकं, रकमा अफाट, आणि शेवटी ‘प्रोसेसिंग फी’ची मागणी. ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ अशा विषयाचा मेल जगभर पसरला आणि जोडलेलं प्रेमपत्र उघडणाऱ्याच्या पत्तेवहीतल्या सगळ्यांना तोच मेल आपोआप गेला. मेल ओळखीच्या माणसाकडूनही खोटा येऊ शकतो, हा धडा त्या दिवशी जगभर मिळाला.

याच सुमारास शासनालाही जाग आली. १७ ऑक्टोबर २००० ला माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि पुढच्याच वर्षी बंगळुरूत देशातलं पहिलं सायबर गुन्हे पोलीस ठाणं निघालं. २००४ साली जे. पी. नगर सेकंड फेजमध्ये रंगशंकरा नाट्यगृहाचा पडदा वर गेला, त्याच वर्षी १ एप्रिलला गुगलनं जीमेल आणलं. एक जीबी जागा म्हटल्यावर अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. पण जीमेलनं जागेइतकंच मोठं दुसरं काम केलं. ‘स्पॅम’च्या चाळण्या इतक्या बारीक झाल्या की हुकूमशहांच्या विधवा हळूहळू नजरेआड झाल्या.

ठग काही गेले नव्हते. ते बँकेत शिरले. घरोघरी नेटबँकिंग आलं आणि ‘आपलं खातं चोवीस तासांत बंद होईल, खालील दुव्यावर माहिती अद्ययावत करा’ हा मेल जन्माला आला. लोभाला नाही म्हणणारा माणूस भीतीला चटकन हो म्हणतो. दुवा उघडला की बँकेचंच बोधचिन्ह, बँकेचाच रंग, फक्त पत्ता दुसऱ्याचा. मार्च २००५ मध्ये नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेच्या नावानं असे मेल पाठवणाऱ्यांविरुद्धच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं ‘फिशिंग’ हे बेकायदा कृत्य आहे असं प्रथमच स्पष्ट केलं. २००८ च्या दुरुस्तीनं कायद्यात ६६ सी आणि ६६ डी ही कलमं आली, दुसऱ्याची ओळख चोरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं यांसाठी.

खरा प्रश्न होता गेलेल्या पैशाचा. ग्राहकानं आपल्या हातानं पासवर्ड टाकला, तर दोष कोणाचा? २०१० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या तामिळनाडूच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी अशाच एका प्रकरणात आयसीआयसीआय बँकेला पावणेतेरा लाखांहून अधिक रक्कम ग्राहकाला द्यायला सांगितली. त्याहून विचार करायला लावणारा निकाल पुण्याचा. पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून एका फसव्या मेलनंतर ८० लाख १० हजार रुपये गेले. २०१३ मध्ये महाराष्ट्राचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अगरवाल यांनी न्यायनिर्णय अधिकारी म्हणून बँकेला ४५ लाख भरायचा आदेश दिला. बँकेची हयगय होती म्हणून भरपाई. तक्रारदारानं मेलला उत्तर दिलं होतं म्हणून ती पूर्ण नाही. दोघांच्या चुकांची अशी वाटणी करून दाखवणारा हा निकाल प्रत्येक खातेदारानं माहीत करून घ्यावा असा आहे.

बँकांनी ओटीपी आणला, लोक थोडे शहाणे झाले, तेव्हा ठगांनी तिसरं दार शोधलं, ते म्हणजे विश्वासाचं. २०१५ मध्ये ओएनजीसीनं सौदीच्या अरामको कंपनीला नाफ्था पाठवला आणि पैशांची वाट पाहत राहिली. पैसे निघाले होते, पण भलत्याच खात्यात. मधेच कोणीतरी ‘आमचं खातं बदललं आहे’ असा मेल अरामकोला पाठवला होता. पत्ता सगळा ओएनजीसीचा, फक्त दोन अक्षरांची अदलाबदल: ओएनजीसीच्या जागी ओजीएनसी. फटका १९७ कोटींचा. एन आणि जी जागा बदलून बसले, तरी डोळा सवयीनं बरोबरच वाचतो. २०१८ च्या अखेरीस एका इटालियन उद्योगसमूहाच्या मुंबईतल्या कंपनीनं, टेक्निमाँटनं, समूहाच्या प्रमुखांच्या नावानं आलेल्या मेलवर आणि बनावट कॉन्फरन्स कॉलवर विसंबून सुमारे १३० कोटी रुपये बाहेर पाठवले. या मेलांत ना लॉटरी होती ना धमकी. नेहमीच्या कामाचा नेहमीसारखा मेल होता.

या प्रकाराची छोटी आवृत्ती आता जे. पी. नगरच्या अपार्टमेंट असोसिएशनांपर्यंत आली आहे. ‘मेंटेनन्ससाठी नवीन खातं, जुन्यात भरू नये, खजिनदार’ असा मेल. मोबाइलवर पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं, पूर्ण पत्ता नावावर बोट ठेवल्याशिवाय उलगडत नाही. आणि नव्यानं डिग्री घेतलेल्या पोरांना येतो तो नोकरीचा मेल. लातूर-नांदेडचा मुलगा बन्नेरघट्टा रोडच्या पीजीत राहून मुलाखती देत असतो; एक दिवस नामांकित कंपनीच्या लेटरहेडवर ‘निवड झाली, लॅपटॉपसाठी परत मिळणारी अनामत भरा’ असं येतं. मोठ्या आयटी कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर ‘आम्ही उमेदवाराकडून पैसे घेत नाही’ असं ठळक लिहून ठेवतात. पण निवडीच्या आनंदात ते पान उघडून कोण बघतो?

बंगळुरूचं नाव ज्या मेलमुळे महाराष्ट्रातल्या घराघरांत गेलं तो प्राप्तिकराचा. आयकर खात्याचं केंद्रीय प्रक्रिया केंद्र इथलं. विवरणपत्र ऑनलाइन भरून सही केलेला कागद इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पोस्टात साध्या टपालानं पाठवायचा, ही कसरत अनेक वर्षं चालली. आता तो कागद बहुतेकांच्या बाबतीत गेला, उरले मेल. जुलैच्या तोंडावर खऱ्या मेलांच्या गर्दीत खोटे मिसळतात. माझ्या स्पॅममध्ये पडलेला एक उघडून पाहिला. वर अशोकस्तंभ, खाली ‘आपला १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर’, आणि मधोमध निळं बटण: ‘खाते क्रमांक निश्चित करा’. मुदत आज रात्री बारापर्यंत. पाठवणाऱ्याच्या नावात ‘इन्कम टॅक्स’ होतं, पण पत्ता उलगडल्यावर शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नव्हतं. त्याहून मोठी खूण त्या बटणातच होती. परतावा पोर्टलवर आधीच पडताळलेल्या खात्यातच जमा होतो. त्यासाठी खाते क्रमांक मेलमधून विचारायचं आयकर खात्याला कारणच नाही. व्यवहाराची रीत माहीत असली की खोटा मेल वाचायच्या आधीच उघडा पडतो.

अलीकडच्या वर्षांत ठग पुन्हा भीतीकडे वळले आहेत, पण या वेळी पोलिसांच्या वेषात. ‘तुमच्या नेट-वापरात आक्षेपार्ह मजकूर सापडला, चोवीस तासांत खुलासा करा’ अशी गुप्तचर खात्याच्या आणि सायबर पोलिसांच्या शिक्क्यांची पत्रं मेलनं फिरली. पत्र सूचना कार्यालयाला ती बनावट असल्याचं जाहीर करावं लागलं. १ डिसेंबर २०२३ ला तर बंगळुरूतल्या चाळीसहून अधिक शाळांना एकाच सकाळी बॉम्बच्या धमकीचे मेल आले. सगळे खोटे. पण भेदरलेले आईबाप शाळेच्या फाटकाशी धावले ते खरे. तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवायची ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कुठल्याही कायद्यात नाही, तरी २०२४ च्या अखेरीस याच शहरातला एक सॉफ्टवेअर अभियंता तिच्यात ११ कोटी ८० लाखांच्या वर गमावून बसला. फसतात ते अडाणी, हा समज बंगळुरूत तरी टिकायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महानगरांमध्ये सर्वाधिक सायबर गुन्हे याच शहरात नोंदले गेले होते.

बचावाच्या बाजूनंही काम झालं आहे. मेल खरंच त्या पत्त्याच्या मालकानं पाठवला का, हे तपासणारी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही व्यवस्था आली. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं घाऊक मेल पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. १९८२ ची उणीव अशी बऱ्याच अंशी भरली गेली. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ‘बँक डॉट इन’ या शेवटाचे पत्ते घ्यायला लावले, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. त्यामुळे पत्ता उजवीकडून, शेपटाकडून वाचायची सवय आता उपयोगी आहे. पण ओजीएनसीसारखा जवळपासचा पत्ता रीतसर विकत घेतला, तर तो या तपासण्यांतून सुखरूप पार होतो. आणि मोडक्या व्याकरणाची जुनी खूण तर गेलीच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कृपेनं ठग आता शुद्ध मराठीतही लिहितो.

म्हणून खोटा मेल ओळखता येण्यावर आता भिस्त ठेवू नये. मेल खरा असो की खोटा, त्यानं दाखवलेल्या वाटेनं जायचं नाही, एवढा एक नियम पुरतो. बँकेचा मेल आला तर बँकेचं ॲप स्वतः उघडायचं. खजिनदाराचा आला तर त्याला आपल्याकडच्या नंबरवर फोन करायचा. करखात्याचा आला तर पोर्टलवर स्वतः जाऊन पाहायचं. आणि मेलखात्याला दुहेरी पडताळणी लावायची, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे तिथेच येतात.

तरीही कोणी ना कोणी फसणारच. तेव्हा उपयोगी पडते ती घाई. सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा १९३० हा नंबर त्यासाठीच आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असताना मधेच अडवता येतात, पण वेळ फार थोडा असतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणजे प्रत्येक तासाला किंमत आहे. आणि हे तास जातात लाजेपायी. सत्तरीतले गृहस्थ दुपारी फसतात आणि मुलगा रात्री ऑफिसातून आला तरी बोलत नाहीत, कारण ‘कितीदा सांगितलं होतं’ हे ऐकावं लागेल. लोभ, भीती आणि विश्वास यांच्या जोडीला ठगांना ही लाज आपण घरातूनच पुरवतो. आईवडिलांना ई-मेल आपणच शिकवला, तर फसल्यावर पहिला फोन आपल्यालाच करावासा वाटेल असं वागणं, हेही त्या शिकवणीतच धरायला हवं.